‘मी सांगतो’ म्हणालीस आणि गेलीस

तुझा फोन माझ्या पर्समध्ये आहे, सरोजाक्का, आणि तो गप्प बसायला तयार नाही. तुला जाऊन अजून दोन आठवडे झाले नाहीत. सगळं आटोपल्यावर तुझ्या पुतण्याने तो माझ्या हातात ठेवला, "काकूची माणसं तुम्हालाच माहीत" म्हणाला आणि मोकळा झाला. चार्जरसुद्धा दिला नाही.

वाजला की उचलते. पण समोर कोण आहे हे कळावं कसं? ही कसली नावं साठवायची रीत, अक्का? ‘निळी खुर्ची’. ‘रडणारा बाप’. ‘लिफ्ट नाही’. ‘कॉफी नको’. या कॉफी नको बाईंनी मला अर्धा तास त्यांच्या मुलीच्या शाळेचं सांगितलं, आणि शेवटी नाव विचारावं तर म्हणाल्या, अक्कांना माहीत आहे. अक्कांना माहीत आहे! मी माझं नाव शोधलं. गौरी नव्हतंच कुठे. शेवटी माझ्या फोनवरून तुझ्या फोनला रिंग दिली तेव्हा पडद्यावर आलं, ‘पुणे भांडण’. बसमध्ये होते मी. एकटीच हसले आणि मग रडू आलं, आणि शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली.

मागच्या आठवड्यात ऑफिसात होते तेव्हा तो पुन्हा वाजला. ‘होसकोटे बहीण’. मी जिन्यात जाऊन उचलला.

"अक्का, रेखा बोलतो. तुम्ही सवडीनं काहीतरी सांगतो म्हटला होता. आज सुट्टी हाय मला."

तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं की अक्का गेल्या. ती रडली, नाक ओढलं, आणि विचारलं, "मग ते काय होतं, तुम्हाला ठावं हाय काय?"

मला ठाऊक होतं. दोन वर्षं मी तुझ्याशी त्याच एका गोष्टीवरून भांडत होते. आणि तू, जी बाई हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडेंटला त्याच्या खुर्चीवरून उठवून स्वतः बसली होती, त्या तुला एवढी एक गोष्ट त्या पोरीला सांगायला दोन वर्षांत सवड झाली नाही. "मी रविवारी येते," मी रेखाला म्हटलं. फोन ठेवला आणि जिन्यात उभी राहून तुला अशा काही शिव्या दिल्या की वरच्या मजल्यावरचा सिक्युरिटीवाला वाकून बघायला लागला.

तुझ्याबद्दल सगळे फार चांगलं बोलतायत, अक्का. देवमाणूस होत्या म्हणे. मी कोपऱ्यात बसून ऐकते आणि मनात म्हणते, यांना काय माहीत. देवमाणूस दरवेळी उशिरा येतो का? देवमाणूस दुसऱ्याचा नंबर विचारल्याशिवाय चार जणांना वाटतो का? देवमाणूस सगळ्या पोरांच्या आयांना गोळ्या चुकवू नका म्हणून दम देतो आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून "अर्धी पुरते की मला" म्हणतो का? त्या अर्ध्या गोळीचं काय झालं ते दिसलंच. सकाळी कुकर लावायला गेलीस आणि शिट्टी व्हायच्या आत पडलीस.

तुझा पहिला फोन मला अजून आठवतो. अद्वैतचं निदान होऊन आठवडाच झाला होता. आम्ही पुण्याहून बेंगळुरूला येऊन जेमतेम स्थिरावलेलो, हेब्बाळला घर, माझं काम सॉफ्टवेअरच्या चुका शोधण्याचं, आणि डॉक्टर सांगतात की तुमच्या मुलाच्या शरीरात एक एन्झाइम तयारच होत नाही, फार दुर्मिळ आहे. त्या दिवसांत फोन आला. "मी सरोजा बोलतो. उद्या तुमच्या घरी येतो." आवाज जाडाभरडा आणि क्रियापद पुरुषाचं. मी नवऱ्याला सांगितलं की कुणीतरी सरोजा आडनावाचे गृहस्थ येणार आहेत. दुसऱ्या दिवशी दारात तू, नारिंगी साडी, हातात केळफूल. मी तुला ‘तुम्ही’ म्हटलं तर तू दारातच थांबलीस. "अक्काला तुम्ही म्हणतीस? मी काय बँकेत मॅनेजर हाय?"

तुमच्या खानापूरकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो, सांगतो, हे मला नंतर कळलं. तरी मी तुला दुरुस्त करत राहिले. "येते म्हण, अक्का." तू म्हणायचीस, "कशाला? येतो तर खरंच की." आणि उशिरा यायचीस.

त्याच दुपारी तू अद्वैतला नाकातल्या नळीतून दूध कसं द्यायचं ते माझ्याकडून शिकून घेतलंस, दोनदा करून दाखवलंस आणि मला म्हणालीस, "जा, झोप." मी झोपले. कित्येक दिवसांनी झोपले. संध्याकाळी उठून बघते तर पोरगं तुझ्या मांडीवर आणि माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तू तुझ्या सोयीने हलवलेले. मोहरी सापडेना. मी तुझ्याशी भांडले. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आज मानते. ती झोप मला अजून पुरतेय, अक्का.

मग मी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरणाऱ्या तुझ्या मेळाव्यांना यायला लागले. चामराजपेटमधल्या कल्याणमंडपाचा जेवणाचा हॉल, ज्या दिवशी लग्न नसेल त्या दिवशी आपला. नसेल म्हणजे नसावं अशी आशा. एकदा वऱ्हाड आणि आपण एकदमच पोचलो, तर तू नवरदेवाच्या मामालाच खुर्च्या लावायला जुंपलंस. भिंतींना साराचा वास. त्या हॉलमध्ये कुणाच्या मुलाचे स्नायू गळत चाललेले, कुणाच्या मुलीची हाडं उशीला टेकली तरी मोडणारी, आणि प्रत्येकाला वाटत असायचं की हे जगात आपल्या एकट्याच्याच घरी आलं. तू प्रत्येकाला प्रत्येकाच्या शेजारी बसवायचीस. ज्या पोराला चाकाची खुर्ची लहान व्हायची, त्याची खुर्ची तिथल्या तिथे दुसऱ्या पोराला मिळायची, गादी धुऊन. कुणाला अपंगत्वाचा दाखला, कुणाला शाळा, कुणाला नुसतं जेवण. ते सगळं तू उत्तम करायचीस, आणि तसं करताना माझा संताप होईल अशा पद्धतीने करायचीस.

आणि एक वाक्य तुझं ठरलेलं होतं. सासरची मंडळी विचारायचीच, हे आलं कुणाकडून? तू सांगायचीस, "दोघांकडनं." माझ्या अद्वैतच्या बाबतीत ते खरंच होतं. त्याचा आजार असा की आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो. मी घरी जाऊन रिपोर्ट पुन्हा वाचला, पडताळून पाहिला, अक्का बरोबर बोलल्या म्हणून तुझ्यावर खूश झाले. मग कळलं की तू हे सगळ्यांनाच सांगतेस. स्नायूंचा तो आजार, जो मुलग्यांना होतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो, आईला स्वतःला काही न होता, त्याच्यातही तू बिनदिक्कत "दोघांकडनं".

मी तुला जाब विचारला तेव्हा तू तुझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं सांगितलंस. डॉक्टरांनी सासू-सासऱ्यांसमोर सांगितलं होतं, आईकडून आलाय. आठवड्याभरात शांता पोराला कडेवर घेऊन तुझ्या दारात. परत कधी गेली नाही. पोर गेलं तेव्हाही तिकडून कुणी आलं नाही. "डॉक्टर खोटं बोलला नव्हता हां," हे तू दरवेळी वर सांगायचीस, त्या डॉक्टरची बाजू घेतल्यासारखं.

मग ते पत्रक. मराठी कुटुंबं यायची, बेळगाव, निपाणी, चंदगडकडची, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे मराठीत ओळभरही छापलेलं नव्हतं. मी लिहायला घेतलं. लिहिलं, ‘हा आजार आईकडून मुलाकडे येतो.’

"आई काढ," तू म्हणालीस.

"अगं, खरं आहे ते."

"खरं असू दे की. आई काढ."

त्या एका शब्दावरून आपण किती भांडलो! शेवटी मी परिभाषाकोश चाळून शब्द शोधला. वाहक. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शास्त्रीय, नेमका, बाईही नाही आणि पुरुषही नाही. ‘हा आजार वाहकाकडून मुलाकडे येतो. वाहकाला स्वतःला सहसा त्रास जाणवत नाही.’ तू दोनदा वाचलंस आणि विचारलंस, "हा कोण?" मी समजावून सांगितलं. "सरी," म्हणालीस. तुझं ते कानडी सरी, म्हणजे ठीक आहे, पण तुझं तू बघ.

जन्मभर मी पुण्यातून एसटीने हिंडले. गाडीत चालक असतो आणि वाहक असतो, हे पोरासोरांना माहीत असतं. माझ्या डोक्यात आलं नाही. चुका शोधण्याचा पगार घेते मी.

पत्रक छापून आल्यावरच्या पहिल्याच मेळाव्याला महादेव आला, चंदगडहून. बायको सविता, आई, आणि चालताना तोल जाणारा श्रेयस. सविताची बहीण रेखा तेव्हा नुकतीच होसकोट्याच्या एका कारखान्यात लागली होती, तिच्या खोलीवर उतरून हॉस्पिटल करत होते सगळे. महादेव ड्यूटी संपवून तसाच बेळगावहून गाडीत बसलेला. अंगात खाकी शर्ट, खिशावर बिल्ला. आईने बसल्या बसल्या विचारलं, "आमच्या घराण्यात असलं काय नव्हतं. हे कुणाकडनं आलं ते एकदा सांगा. माझ्या लेकाकडनं का हिच्याकडनं?" सविता फरशीकडे बघत होती. तिला उत्तर आधीच मिळालं असावं, हॉस्पिटलात.

तू तोंड उघडायच्या आत महादेवने पत्रक उचललं आणि मोठ्याने वाचायला लागला. वाचता वाचता थांबला. ती ओळ पुन्हा वाचली. खाली मान घालून स्वतःचा बिल्ला बघितला.

"आई, वाहक मीच हाय की."

"म्हंजे?"

"म्हंजे माझ्याकडनं आलंय. हितं छापलंय. वाहकाला काय त्रास होत न्हाई, असंबी लिवलंय. मला कुठं काय होतंय?"

म्हातारी गडबडली. "एसटीनं?"

"आता दिवसभर त्ये धक्के, तो धूर. काय सांगावं."

"अहो नाही, नाही," मी म्हटलं, "वाहक म्हणजे..." आणि तू माझ्या पायावर पाय दिलास. नेमका करंगळीवर. तुझं वजन तुला माहीत आहे.

"हां, वाहकच," तू म्हणालीस. "छापलंय म्हंजे बघूनच छापलंय. बरं, श्रेयसच्या खुर्चीचं बघूया."

म्हातारी लेकाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने सविताने डबा उघडला आणि सासूला विचारलं, भात वाढू काय? ती म्हणाली, वाढ. मी लंगडत बाहेर गेले.

ऑटोस्टँडवर आपण जे भांडलो ते अख्ख्या चामराजपेटने ऐकलं असेल. तू त्या बिचाऱ्या माणसाला खोट्यात ठेवलंस, मी म्हटलं. "तुझ्या शब्दानं ठेवलंय," तू म्हणालीस, "मी काय केलं?" मी म्हटलं, मी आत्ता जाऊन दुरुस्त करते. "कर की. आणि चंदगडला जाऊन म्हातारी सुनेला काय म्हणंल, तेबी दुरुस्त करून ये." मग मी मुद्द्यावर आले. सविताची धाकटी बहीण आहे, अक्का. सवितात दोष आहे म्हणजे रेखातही असू शकतो. नसेलही. पण तिची रक्ततपासणी व्हायला हवी, लग्नाआधी, निदान मूल होण्याआधी. महादेवच्या एसटीमुळे झालं असं सगळे धरून चालले तर रेखाला कोण सांगणार?

तू ऑटोच्या दांडीला धरून उभी होतीस. "तुझं खरं तुम्हा दोघांत वाटून आलंय, गौरी," तू म्हणालीस. "अर्धं तू उचललीस, अर्धं तुझ्या नवऱ्यानं. सविताचं खरं तिच्या एकटीच्या डोक्यावर हाय. स्वल्प थांब."

ऑटोवाला "बर्तीरा, इल्वा?", येताय की नाही, करून वैतागला होता. तू बसलीस आणि गेलीस. तुझं ते ‘स्वल्प’ म्हणजे किती, हे मला या गावात इतकी वर्षं राहून कळलेलं नाही. दुकानदाराचं स्वल्प म्हणजे चिमूटभर, आणि तुझं म्हणजे दोन वर्षं.

रेखाचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कारखान्यात पॅकिंगला. तू लग्नाला गेलीस, जेवलीस, नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन परत आलीस. मी विचारलं, सांगितलंस का?

"लग्नात सांगतात काय असलं?"

"लग्नाआधी सांगायचं होतं, अक्का!"

"आधी सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं."

"आणि आता कळलं तर?"

तुला प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, लागू पडो न पडो. त्या दिवशी तू पिशवीतला नारळ काढलास, तो मला देऊ केलास, पुन्हा आत ठेवलास. "मी सांगतो," म्हणालीस. "पोरगं व्हायच्या आत सांगतो. माझ्यावर सोड." मी सवयीने म्हटलं, "सांगते." तू म्हणालीस, "तेच की."

इथे तू चुकलीस, अक्का. तू मेलीस म्हणून मी हे मत बदलणार नाही. त्या पोरीला माहीत असायला हवं होतं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाही. शांताचं घर मोडलं म्हणून जगातल्या प्रत्येक घरासमोर तू आडवी उभी राहणार, हे मला समजतं. पण रेखाने काय करायचं होतं? तुझ्या सवडीची वाट बघत बाळंत व्हायचं होतं? दर दुसऱ्या शनिवारी मी विचारलं आणि दर दुसऱ्या शनिवारी तू मला चित्रान्न वाढलंस. आता मला चित्रान्न बघवत नाही.

तू गेलीस त्या दिवशी तुझी गल्ली भरून गेली. चाकाच्या खुर्च्याच खुर्च्या. त्यातल्या कितीतरी तूच या घरातून त्या घरात फिरवलेल्या. भाजीची गाडी अडकली, ऑटो अडकले, समोरच्या आजी बाहेर येऊन "स्वल्प जागा बिडी, जागा बिडी" करून सगळ्यांना सरकवत होत्या, आणि कुणाला सरकता येत नव्हतं. मला वाटलं, आता तू बाहेर येशील आणि कुणालातरी कामाला लावशील.

दुसऱ्या दिवशी महादेव आला. रात्रभराचा प्रवास करून, तोच खाकी शर्ट. तुझ्या फोटोपुढे बसला, मग बाहेर नळापाशी मला गाठलं.

"मॅडम, तेवढं वाहकाचं आमच्या आईसमोर कधी बोलू नका."

"म्हणजे? तुम्हाला माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं की अक्कांनी. तुम्ही दोघी ऑटोपाशी भांडला, त्याच्या आधी. असंच, तुमच्या हॉलच्या नळापाशी. खरा अर्थ काय त्यो सांगितला. म्हटल्या, आता तुमचं तुम्ही ठरवा."

"मग?"

"मग काय. म्हटलं, माझ्याच नावावर असू द्या. आई दिवसभर घरात सविताबरोबर असती. मी तर गाडीवर असतो."

आधी चुकून घेतलं आणि मग समजून उमजून तसंच ठेवलं त्या माणसाने. मला त्याचे हात धरावेसे वाटले. पण आधी तुझा गळा धरावासा वाटला. मला का नाही सांगितलं, मी विचारलं. तो ओशाळला. "अक्का म्हटल्या, गौरीला सांगू नका, तिला खोटं जमत नाही. तोंड लाल होतंय तिचं."

म्हणजे त्या ऑटोस्टँडवर, मी घसा फोडून ‘त्या माणसाला खोट्यात ठेवलंस’ म्हणत होते तेव्हा तो माणूस सगळं जाणून आत श्रेयसला भात भरवत होता. आणि तू, दांडीला धरून, गंभीर चेहऱ्याने, मला भांडू दिलंस. दोन वर्षं भांडू दिलंस! मजा वाटत होती का तुला? पुणे भांडण!

आणि तरी रेखाचं राहिलंच. महादेवला विचारलं तर म्हणाला, "ते अक्का बघतो म्हटल्या होत्या."

काल रविवारी होसकोट्याला गेले. रेखाची सासू बाजारात गेलेली, नवरा पहिल्या पाळीला. तिने चहा टाकला. मी ठरवून गेले होते की गोल गोल बोलायचं नाही. बोलले नाही. सगळं सांगितलं. श्रेयसचा आजार कसा येतो, सवितात काय आहे, रेखात ते असू शकतं किंवा नसू शकतं, रक्त दिलं की कळेल, आणि असलं तरी आज पुष्कळ मार्ग आहेत, फक्त दिवस जायच्या आधी कळलेलं बरं. चहावर साय धरली. रेखा रडली नाही. तिने विचारलं, सुई मोठी असते काय. मग विचारलं, ताईला ठावं हाय? आणि मग, "भाऊजींना?"

मी तिला महादेवचं सांगितलं. नळापाशी तो काय म्हणाला तेही. ती ऐकत राहिली आणि हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"भाऊजी वाहक हाईत म्हणून जमलं त्येंचं," ती म्हणाली. "आमचं हे पॅकिंगला हाईत. आमच्यात कोण होणार वाहक?"

अक्का, तुझं ते "दोघांकडनं" माझ्या घशापर्यंत आलं. खरंच आलं. माझं तोंड लाल झालेलं मला कळलं आणि मी ते गिळलं. मी खोटं बोलणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. पण ते खरं तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून, पर्स उचलून, हेब्बाळची बस पकडायची होती मला. दोन वर्षं मी तुला हेच करायला सांगत होते. सांग आणि ये. पाच मिनिटांचं काम.

"बुधवारी रक्त देऊया," मी म्हटलं. "नसेलही तुझ्यात."

"आणि असलं तर? ह्येंना काय सांगू मी? ह्येंच्या आईला?"

जिन्यावर पावलं वाजली. सासू भाजी घेऊन वर येत होती, दम खात, कुणाच्या चपला गं या, विचारत. रेखाने माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे बायका बघायच्या तसं बघितलं, आणि माझ्याकडे तसं कुणी याआधी बघितलं नव्हतं.

"तू काही सांगू नकोस," मी म्हटलं. "रिपोर्ट येऊ दे. मी येतो. आधी तुझ्या नवऱ्याला, मग त्यांना, तुझ्या शेजारी बसून मी सांगतो."

तोंडातून तसंच गेलं, अक्का. दुरुस्त केलं नाही.